रिपोर्टवरचा लाल रंग आणि मायनस सातचा डोळा

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात

वय ४६. दोन्ही डोळ्यांना मायनस सातचा नंबर, दिवसभर कॉन्टॅक्ट लेन्स. चष्म्याचा नंबर तपासायला गेल्या असताना, थोरल्या भावाला काचबिंदू (डोळ्याकडून मेंदूकडे जाणारे चेतातंतू हळूहळू नष्ट करणारा रोग) आहे हे कळल्यावर डॉक्टरांनी ओसीटी स्कॅन (डोळ्याच्या पडद्याच्या थरांची जाडी मोजणारी तपासणी) करून घेतला. उजव्या डोळ्याच्या रिपोर्टवर खालचा आणि नाकाकडचा भाग लाल आला. चेतातंतूंच्या थराची सरासरी जाडी ७६ मायक्रॉन. डोळ्यांचा दाब १६ आणि १७. फील्ड टेस्ट (नजरेच्या कडेपर्यंत किती दिसतं याची चाचणी) नॉर्मल. पहिल्या डॉक्टरांनी लगेच थेंब सुरू करायला सांगितलं. तीन आठवड्यांनी दुसऱ्या ठिकाणी, दुसऱ्या मशीनवर तपासलं, तर सरासरी ८२, नाकाकडचा भाग पिवळा, बाकी सगळं हिरवं. हे डॉक्टर म्हणाले, सहा महिने थांबा. मुलाने पहिल्या रिपोर्टचा फोटो एका एआय ॲपला दाखवला. 'काचबिंदूची शक्यता जास्त' असं उत्तर आलं. यजमानांचं म्हणणं, तिसऱ्या ठिकाणी सगळ्यात आधुनिक मशीनवर एकदाच सोक्षमोक्ष लावू आणि पुढे दर तीन महिन्यांनी स्कॅन करू. वाचक विचारतात: 'दोनपैकी कोणतं मशीन खरं? आणि थांबले तर नजर जाईल का?'

उत्तर

ताई,

तुम्ही दोन्ही रिपोर्टची पानं पत्रासोबत जोडलीत हे फार चांगलं केलंत, कारण तुमच्या प्रश्नाचा बराचसा उलगडा त्या पानांच्या कोपऱ्यातल्या बारीक अक्षरांत आहे. पत्रावरून निदान करता येत नाही आणि मी ते करणारही नाही. पण 'कोणतं मशीन खरं' या तुमच्या प्रश्नातच एक गृहीतक आहे, आधी त्याबद्दल बोलू. तुम्ही धरून चालला आहात की लाल म्हणजे रोग, हिरवं म्हणजे निरोगी, आणि दोन मशिनांचे रंग जुळत नसतील तर एक खोटं बोलतंय. प्रत्यक्षात दोन्ही मशिनं आपापल्या परीने खरं सांगत असतील आणि तरीही काचबिंदू आहे की नाही हे दोन्हींपैकी एकालाही ठाऊक नसेल.

आधी हा रंग येतो कुठून ते पाहू. ओसीटी जवळच्या अवरक्त प्रकाशाचा झोत डोळ्यात सोडतं आणि कोणत्या थरावरून किती प्रकाश परत आला यावरून पडद्याचा (रेटिनाचा) उभा छेद रेखाटतं. डोळ्याला स्पर्श नाही, क्ष-किरण नाहीत. आजची बहुतेक मशिनं खोलीच्या दिशेने साधारण ५ मायक्रॉन इतका बारीक तपशील वेगळा दाखवतात. मग संगणक त्या छेदात चेतातंतूंच्या थराच्या वरची आणि खालची सीमा आखतो, त्यांतलं अंतर मोजतो आणि तो आकडा आपल्या साठ्यातल्या तुमच्या वयाच्या निरोगी माणसांच्या आकड्यांशी ताडून पाहतो. या साठ्यात लाखो माणसं नसतात. बऱ्याच मशिनांच्या साठ्यात काही शेच असतात, आणि त्यांत तुमच्याइतका मोठा मायनस नंबर असलेली फारच थोडी. निरोगी लोकांतल्या सर्वांत पातळ ५ टक्क्यांत तुमचा आकडा बसला की पिवळा रंग, सर्वांत पातळ १ टक्क्यात बसला की लाल. याचा अर्थ असा की पूर्ण निरोगी १०० जण आणले, तरी एका मोजमापात त्यांतल्या साधारण पाच जणांना पिवळा किंवा लाल रंग मिळणारच. आणि रिपोर्टवर मोजमाप एकच नसतं. एक सरासरी, चार चतुर्थांश, घड्याळासारखे बारा भाग असे एका डोळ्याचे १७ आणि दोन्ही डोळ्यांचे मिळून ३४ रकाने रंगवलेले असतात. कुठेतरी रंग दिसणं ही निरोगी माणसातही नवलाची गोष्ट नाही.

त्यात तुमचा नंबर मायनस सात. तुमच्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही आहे, म्हणून इथे जरा सविस्तर सांगते.

मायनस नंबरचा डोळा लांब असतो. सरासरी डोळा पुढून मागे साडेतेवीस-चोवीस मिलिमीटर, तर मायनस सातचा बहुधा सव्वीसच्या पुढे. चेतातंतू पडद्याच्या सगळ्या भागांतून दृष्टिचेतेच्या तोंडाकडे, म्हणजे डिस्ककडे, गोळा होत येतात. केस जसे चहूबाजूंनी अंबाड्याकडे येतात तसे. अंबाड्याजवळ थर जाड, लांब जावं तसा पातळ. मशीन डिस्कभोवती साडेतीन मिलिमीटरच्या आसपास व्यासाचं वर्तुळ आखून त्यावरची जाडी मोजतं. पण हे वर्तुळ ते कोनाच्या हिशेबाने आखतं, सरासरी लांबीचा डोळा धरून. डोळा लांब असला की तेच वर्तुळ पडद्यावर मोठं पडतं, डिस्कपासून दूर सरकतं आणि साहजिकच थर पातळ मोजला जातो. तंतू कमी नाहीत, मोजण्याची जागा चुकली. काही मशिनं डोळ्याच्या फोकसवरून किंवा लांबीवरून ही चूक अंशतः सावरून घेतात, काही घेत नाहीत. तुमच्या ७६ आणि ८२ मधला काही फरक एवढ्यानेही पडू शकतो.

दुसरी गोष्ट. निरोगी डोळ्यात वर्तुळावरच्या जाडीचा आलेख काढला तर उंटाच्या पाठीसारखी दोन मदारं दिसतात, एक वरच्या बाजूला, एक खालच्या. मायनस नंबरच्या डोळ्यात ही दोन्ही मदारं कानशिलाच्या दिशेने सरकलेली असतात. मशीनच्या साठ्यातली मदारं मात्र नेहमीच्या जागी. त्यामुळे जिथे मशीनला उंचवटा अपेक्षित आहे तिथे तुमचा उतार येतो आणि नाकाकडचा भाग 'पातळ' ठरून रंगतो. तुमच्या पहिल्या रिपोर्टवरचा हा आलेख बघा: तुमची काळी रेघ हिरव्या पट्ट्याच्या बाहेर पडली आहे ती नाकाकडच्या उतारावर, कानशिलाकडे तीच रेघ पट्ट्याच्या वर गेली आहे. मदाराची उंची जवळपास शाबूत, जागा सरकलेली. काचबिंदूमध्ये सहसा उलट घडतं. त्यात मदार खचतं, तेही बहुतेकदा खाली-कानशिलाकडच्या किंवा वर-कानशिलाकडच्या बाजूला. नाकाकडून सुरुवात होणं कमी. नेत्रतज्ज्ञांमध्ये अशा खोट्या लाल रंगाला 'रेड डिसीज' म्हणायची पद्धतच पडली आहे, इतका तो वारंवार दिसतो.

मात्र याच्या उलट प्रकारही तितकाच खरा आहे. आधी जाड थर असलेल्या माणसाचे तंतू बरेच गेले तरी आकडा हिरव्यातच राहू शकतो. पडद्याला सूज असेल, डिस्कवर व्हिट्रियसची, म्हणजे डोळ्यातल्या जेलीसारख्या पदार्थाची, ओढ असेल तर थर फुगून हिरवा दिसतो. म्हणून दुसऱ्या रिपोर्टचा हिरवा रंग बघून निर्धास्त व्हा असंही मी म्हणणार नाही.

आता पहिल्या रिपोर्टच्या कोपऱ्यातला आकडा. 'सिग्नल स्ट्रेंग्थ ५/१०'. ज्या मशीनवर गुणवत्ता दहापैकी दिली जाते तिथे ६ पेक्षा कमी आलेला स्कॅन निर्णयासाठी वापरू नये, असं उत्पादकच सांगतात. सिग्नल कमी झाला की थराच्या सीमा पुसट होतात, संगणकाची रेघ आत सरकते आणि थर आहे त्यापेक्षा पातळ भरतो. पत्रात तुम्ही लिहिलं आहे की दिवसभर लेन्स घालून संध्याकाळी थेट तपासणीला गेलात. कोरड्या डोळ्यावरचा अश्रूंचा थर तुटला की सिग्नल पडतो, याचं हे नेहमीचं कारण आहे. मोतीबिंदू पिकत असेल तरी असंच होतं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर हाच थर 'वाढल्यासारखा' दिसतो.

याच पानावर आणखी एक पाहण्यासारखं आहे. डिस्कभोवतीचं वर्तुळ मध्यावर नाही, ते किंचित वर सरकलं आहे. वर्तुळ वर सरकलं की त्याची वरची कड डिस्कपासून लांब जाऊन पातळ आणि खालची कड जवळ येऊन जाड मोजली जाते. तुमच्या बाबतीत खालचा भाग लाल आहे, म्हणजे सरकलेल्या वर्तुळावर तो ढकलता येत नाही. म्हणूनच तो लाल 'खोटाच' असं मी ठामपणे म्हणत नाही. दुसऱ्या, चांगल्या सिग्नलच्या स्कॅनवर तिथे हिरवा आला ही जमेची बाजू. पण ही जागा काचबिंदूच्या आवडीची आहे, तेव्हा तिच्यावर नजर ठेवायलाच हवी.

तीन आठवड्यांत ७६ चे ८२ झाले म्हणजे डोळा सुधारला का, असं तुम्ही कंसात विचारलं आहे. नाही. गेलेले चेतातंतू परत येत नाहीत. एकाच मशीनवर, एकाच दिवशी, एकाच माणसाने लागोपाठ दोन स्कॅन काढले तरी सरासरीत ४-५ मायक्रॉनचा फरक पडू शकतो, आणि एकेका छोट्या भागात त्याहून जास्त. मशीन बदललं की तर प्रश्नच वेगळा. सीमा आखण्याची पद्धत वेगळी, वर्तुळ वेगळं, साठ्यातली माणसं वेगळी. दोन कंपन्यांच्या मशिनांचे आकडे एकमेकांशेजारी ठेवून वजाबाकी करायचीच नसते.

यावरून यजमानांच्या दोन्ही सूचनांचं उत्तर मिळतं. त्यांची काळजी मला कळते, पण तिसऱ्या मशीनवरचा स्कॅन तुम्हाला तिसरा आकडा देईल, निकाल देणार नाही. आधुनिक मशीन जास्त वेगवान असतं, चित्र सुबक देतं, खोलवरचे थर दाखवतं. तुमच्या लांब डोळ्याची तुलना चुकीच्या माणसांशी करण्याचा दोष त्यातही राहतोच. तुमची खरी तुलना तुमच्याशीच व्हायला हवी: आजचा डोळा आणि दोन वर्षांनंतरचा डोळा, एकाच मशीनवर. मोठ्या मायनस नंबरच्या माणसाला एका स्कॅनपेक्षा स्कॅनची मालिका कितीतरी जास्त सांगते, कारण वर्तुळ मोठं पडत असेल तर ते दरवेळी तेवढंच मोठं पडतं आणि बदल तेवढा उरतो.

दर तीन महिन्यांनी का नको? निरोगी डोळ्यातही वयानुसार हा थर वर्षाला साधारण अर्ध्या मायक्रॉनपर्यंत पातळ होतो. काचबिंदूत वेग वाढतो, तरी बहुतेकांत तो वर्षाला एक-दोन मायक्रॉनच्या घरात. मोजण्यातला डळमळीतपणा ४-५ मायक्रॉनचा. तीन महिन्यांत जो काही फरक दिसेल तो मोजण्याचा असेल, डोळ्याचा नव्हे; आणि दर वेळी आकडा दोनने खाली आला की तुमची झोप उडेल. महिन्याभरात चांगल्या सिग्नलचे दोन स्कॅन काढून पाया पक्का करायचा, मग सहा महिन्यांनी एक, आणि तो स्थिर असेल तर डॉक्टर ठरवतील त्याप्रमाणे वर्षातून एकदा, असा क्रम तुमच्यासारख्या संशयित डोळ्यांसाठी समंजस वाटतो.

ॲपबद्दल. मुलाने चांगल्या हेतूने केलं, पण त्याने ॲपला दाखवला तो छापील रिपोर्टचा फोटो. त्यात लाल रंग होता, म्हणून उत्तर लाल आलं. सिग्नल ५ आहे, डोळा मायनस सातचा आहे, हे बहुधा त्याला कोणी सांगितलंही नसेल. डोळ्यांच्या चित्रणात एआयने खरोखर मोलाचं काम केलं आहे: मधुमेहामुळे पडद्यात झालेले बदल डॉक्टरशिवाय ओळखणाऱ्या एका प्रणालीला अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, २०१८ मध्ये परवानगी दिली. पण ती ठरावीक कॅमेऱ्याच्या मूळ चित्रांवर, एकाच ठरावीक प्रश्नासाठी तपासलेली आहे. मोबाइलने काढलेल्या रिपोर्टच्या फोटोला ती विश्वासार्हता उसनी मिळत नाही.

आता पुढे काय करायचं ते सांगते.

दोघांपैकी एक ठिकाण निवडा, किंवा काचबिंदूवर विशेष काम करणारे तिसरे डॉक्टर निवडा. पण त्यांच्याकडे नवा स्कॅन मागायला जाऊ नका, दोन्ही रिपोर्ट वाचून घ्यायला जा. आणि मग तिथेच टिकून राहा. जिथे दहा वर्षं जाणं जमेल, ते ठिकाण सर्वांत भारी मशीन असलेल्या ठिकाणापेक्षा तुमच्या जास्त उपयोगाचं.

स्कॅनच्या दिवशी लेन्स घालू नका, चष्म्यावर जा. शक्यतो सकाळची वेळ घ्या. डोळे कोरडे पडत असतील तर बसण्याआधी वंगणाचे थेंब घालू का, असं विचारा. मशीनसमोर हनुवटी आणि कपाळ दोन्ही नीट टेकवा, डोकं तिरकं झालं की मदारंही तिरकी होतात. तंत्रज्ञ सांगतील तेव्हा दोन-तीनदा पूर्ण पापणी मिटा आणि मग खुणेच्या दिव्याकडे स्थिर पाहा. खुर्चीतून उठण्याआधी दोनच गोष्टी विचारा: सिग्नल किती आला आणि वर्तुळ डिस्कच्या मध्यावर आहे का. सिग्नल कमी आला तर तेव्हाच पुन्हा काढायला दोन मिनिटं लागतात. घरी जाऊन कळलं तर काहीच करता येत नाही. चित्रात काळा आडवा पट्टा दिसला तर पापणी मिटली होती, रक्तवाहिनी मध्येच तुटून बाजूला सरकलेली दिसली तर डोळा हलला होता. तुमच्यासारख्या लांब डोळ्यात आणखी एक घडतं: पडद्याचा बाक इतका असतो की छेदाची कड चित्राच्या चौकटीबाहेर जाते किंवा वरून उलटी परावर्तित दिसते, आणि तिथला आकडा निरर्थक ठरतो.

डॉक्टरांना मॅक्युलाचा, म्हणजे पडद्याच्या मध्यभागाचा, गँग्लियन पेशींचा (ज्यांतून हे चेतातंतू निघतात) नकाशा काढायला आवर्जून सांगा. या पेशींपैकी साधारण निम्म्या मॅक्युलाच्या भागात दाटलेल्या असतात, आणि डिस्क तिरकी असलेल्या मायनस नंबरच्या डोळ्यात हा नकाशा बऱ्याचदा डिस्कभोवतीच्या वर्तुळापेक्षा भरवशाचा ठरतो. त्यात एकच गोष्ट शोधायची असते. मध्यातून जाणाऱ्या आडव्या रेषेच्या वर आणि खाली फरक आहे का? काचबिंदू ही रेषा पाळतो. खालचा अर्धा भाग खचलेला आणि वरचा शाबूत, मधली सीमा सरळ, असं चित्र दिसलं तर ते गंभीरपणे घ्यायला हवं. सगळीकडे सारखाच पातळपणा असेल तर संशय लांब डोळ्यावर जास्त जातो.

आणि डिस्कचा साधा रंगीत फोटो काढून घ्या. ओसीटीच्या झगमगाटात हा फोटो मागे पडतो याचं मला मनापासून वाईट वाटतं. डिस्कच्या कडेवर कधी कधी ज्योतीच्या आकाराचा बारीक रक्तस्राव होतो. काचबिंदू सक्रिय असल्याची ती मोठी खूण असते, काही आठवडे राहते आणि विरून जाते. जाडीच्या आकड्यांत ती दिसत नाही, फोटोत दिसते. कडेला पडलेली खाच, डिस्कचा तिरकेपणा, भोवतीचा फिकट पट्टा, सगळं त्यात असतं. शिवाय मशिनं बदलतात. ओसीटीची कल्पना १९९१ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाली, तेव्हापासून मोजण्याची पद्धतच मुळापासून बदलली. आधीच्या पिढीच्या मशिनांवरचे आकडे आजच्या मशिनांशी जुळत नाहीत. वीस वर्षांपूर्वीचा स्वच्छ फोटो मात्र आजच्या फोटोशेजारी ठेवून पाहता येतो.

स्कॅनबाहेरच्या तीन गोष्टी या निर्णयात स्कॅनइतक्याच मोलाच्या आहेत, आणि तुमच्या कागदांत त्यांतली एकही नाही. पहिली, कॉर्नियाची, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक थराची, जाडी. सरासरी ५४० मायक्रॉनच्या आसपास असते. ती बरीच कमी असेल तर १७ हा दाब खरा त्याहून जास्त असू शकतो. नंबर घालवायचं लेझर ऑपरेशन कधी झालं असेल तर हे आणखी महत्त्वाचं. दुसरी, गोनिओस्कोपी: डोळ्यातलं पाणी जिथून बाहेर पडतं तो कोन खास लेन्स टेकवून पाहणं. तिसरी, दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी मोजलेला दाब. दाब दिवसभर खालीवर होतो. एका संध्याकाळचा १७ पुरेसा नाही. वेगवेगळ्या दिवशी आणि वेळी निदान तीन नोंदी, वेळेसकट, हव्यात. आणि त्या थेंब सुरू करण्याआधीच्या हव्यात, कारण एकदा थेंब सुरू झाले की तुमचा मूळ दाब किती होता हे कधीच कळत नाही आणि थेंब काम करतात की नाही हेही ठरवता येत नाही. ॲलर्जी, दमा किंवा त्वचेसाठी स्टेरॉइडचे थेंब, पंप, मलम वापरत असाल तर तेही सांगा. काहींचा दाब त्याने वाढतो.

फील्ड टेस्ट नॉर्मल आली याचा आनंद आहे, पण तिच्या मर्यादाही असतात. बरेच तंतू गेल्यावरच ती बिघडलेली दिसू शकते. तिथेही सरावाचा भाग असतो, म्हणून दुसरी चाचणी करून दोन्ही मिळून पाया धरावा. चष्म्याची जाड मायनस काच समोर लावली की तिच्या कडेची सावली पडून कडेचे बिंदू खोटे जातात. तुमच्या नंबरला ही चाचणी कॉन्टॅक्ट लेन्स घालून करणं सोयीचं पडेल का, हे विचारा. म्हणजे स्कॅनला लेन्स नको आणि फील्डला कदाचित हवी. डबी सोबत ठेवा. 'फॉल्स पॉझिटिव्ह' (ठिपका न दिसताच दाबलेलं बटण) १५ टक्क्यांच्या वर आले असतील तर ती चाचणी धरू नका.

आता थेंबांचं. 'थांबले तर नजर जाईल का' या प्रश्नामागे दुसरं गृहीतक आहे की थांबणं म्हणजे काहीच न करणं. पाया पक्का करून, तारीख ठरवून, काय दिसलं तर निर्णय बदलायचा हे आधी ठरवून थांबणं हा उपचाराचाच भाग आहे. डोळ्याचा दाब २४ ते ३२ असलेल्या, पण डिस्क आणि फील्ड नॉर्मल असलेल्या १,६३६ लोकांवर अमेरिकेत एक मोठा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. पाच वर्षांत थेंब घेणाऱ्यांपैकी ४.४ टक्क्यांना काचबिंदू झाला, न घेणाऱ्यांपैकी ९.५ टक्क्यांना. थेंबांनी धोका निम्मा केला हे खरं. आणि इतक्या चढ्या दाबातही थेंबांशिवाय ९० टक्क्यांहून जास्त लोकांना पाच वर्षांत काही झालं नाही, हेही तितकंच खरं. तुमचा दाब त्या गटात बसत नाही, तुमची शंका डिस्कबद्दल आहे, तेव्हा हे आकडे तुम्हाला जसेच्या तसे लागू नाहीत. पण काही महिने नीट तपासून घ्यायला बहुधा वेळ आहे, एवढं त्यावरून कळतं. उलट बाजूला थेंब म्हणजे बहुधा आयुष्यभराची रोजची गोष्ट: डोळे लाल होणं, पापण्यांभोवतीची त्वचा काळवंडणं, काही औषधांनी दमा असलेल्यांना श्वासाचा त्रास.

पहिल्या डॉक्टरांना मी चुकीचं म्हणत नाही. भावाला काचबिंदू आणि मोठा मायनस नंबर, हे दोन्ही खरोखर धोका वाढवणारे आहेत, आणि समोर लाल रिपोर्ट होता. काही गोष्टी दिसल्या तर मीही थांबा म्हणणार नाही: डिस्कवर रक्तस्राव, कडेला खाच, ओसीटीतला दोष आणि फील्डमधला दोष एकमेकांशी जुळणाऱ्या जागी येणं, किंवा थेंबांआधीच्या नोंदींत दाब पंचविशीच्या वर जाणं. यांतलं एकही नसेल तर सहा महिन्यांचं थांबणं मला पटतं. निर्णय मात्र तुमचा डोळा प्रत्यक्ष पाहणाऱ्याचाच.

काचबिंदूच्या धास्तीत एक गोष्ट राहून गेली आहे. ओसीटी पडद्याचा मधला काही मिलिमीटरचा तुकडा पाहतं. मायनस सातच्या डोळ्यात पडद्याच्या कडा ताणल्या जाऊन पातळ पडतात, तिथे भोकं पडू शकतात, आणि ती या स्कॅनच्या पूर्ण बाहेर असतात. बाहुली मोठी करून कडेपर्यंतची तपासणी तुमच्या पत्रात कुठेही नाही. ती करून घ्या आणि वर्षातून एकदा करत जा. बाहुली मोठी करायच्या थेंबांनी काही तास जवळचं धूसर दिसेल, उजेड सहन होणार नाही, म्हणून त्या दिवशी गाडी चालवू नका. अचानक विजेसारखे झोत दिसले, काळ्या ठिपक्यांचा पाऊस पडला, एका बाजूने पडदा ओढल्यासारखं झालं किंवा सरळ रेघ वाकडी दिसू लागली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी जा.

घरी एक फाइल करा. प्रत्येक भेटीचं एकच पान: तारीख, मशीनचं नाव आणि मॉडेल, सिग्नल, सरासरी जाडी, दाब आणि तो मोजल्याची वेळ. रिपोर्टचं रंगीत पहिलं पान पुरत नाही. छेदाचं करडं चित्र असलेलं पानही मागून घ्या, कारण संगणकाने सीमेची रेघ बरोबर आखली की नाही हे तिथेच दिसतं. उद्या डोळ्याचं कोणतंही ऑपरेशन झालं तर त्यानंतरचा स्कॅन हा नवा पाया, जुन्याशी तुलना बंद.

आणि दादांना तीन गोष्टी विचारा: काचबिंदू कोणत्या वयात सापडला, तेव्हा दाब किती होता, कॉर्निया पातळ आहे का. कमी दाबातही त्यांची नस बिघडली असेल, तर तुमच्या १६-१७ कडे डॉक्टर वेगळ्या नजरेने पाहतील. ही माहिती कोणत्याही मशीनकडून मिळायची नाही. तुमच्या इतर भावंडांनीही एकदा डिस्क तपासून घ्यायला हवी. मुलाला मायनस नंबर असेल तर त्याच्या डिस्कचा फोटो आत्ताच काढून ठेवा, सगळं ठीक असताना.